मूस आणि मोड

भाषा ही मोठी जुनी हिशेबनीस आहे. इतिहासाच्या वह्यांतून ज्यांचीं नांवें गळून गेलीं, त्यांच्याही नोंदी ती आपल्या परीनें जपून ठेवीत असते. आपण एका मनुष्यास हिणकस म्हणतों व दुसऱ्यास बावनकशी म्हणतों. संकटांत एकाचा कस लागतो, तर दुसरा कसोटीस उतरत नाहीं. जुनी चाल मोडींत निघते आणि नवी पिढी अनुभवाच्या मुशींतून बाहेर पडते. हे सारे शब्द घरोघर रोज वापरले जातात. परंतु ते कोणाच्या दुकानांतून आपल्याकडे आले ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. हीण म्हणजे सोन्यारुप्यांत मिसळलेला हलका धातु. कस म्हणजे काळ्या दगडावर उमटणारी सोन्याची रेघ. मोड म्हणजे केवळ वजनावर विकावयाचा तुटकाफुटका दागिना अथवा भांडें. आणि मूस म्हणजे ज्या मातीच्या पात्रांत हें सर्व वितळवून पुन्हां निर्मळ करावयाचें तें पात्र. ज्या धंद्यानें आपल्या नीतिशास्त्रास इतके शब्द पुरविले, त्या धंद्याचा स्वतःचा इतिहास मात्र मराठींत जवळजवळ लिहिलाच गेला नाहीं.

ह्याचें एक कारण त्या धंद्याच्या स्वरूपांतच आहे. सोनें जळत नाहीं, गंजत नाहीं, किडत नाहीं. आज एखाद्या घरच्या मंगळसूत्रांत जे दोन मणी आहेत, त्यांत एखाद्या होनाचा अंश असेल, एखाद्या देवळाच्या कळसाचा मुलामा असेल, किंवा दुष्काळांत विकलेल्या कोणा कुणबिणीच्या पुतळ्यांच्या माळेचा अंश असेल. असेल म्हणावयाचें, इतकेंच. तें निश्चित सांगणें कोणासही शक्य नाहीं. आणि तें शक्य नाहीं ह्यांतच धातु शुद्ध करणाऱ्याचें कौशल्य आहे. मागील रूपाची एकही खूण राहूं नये, हीच त्याच्या कामाची परीक्षा. लेखक आपल्या कृतीनें ओळखला जातो, शिल्पी आपल्या मूर्तीनें. ह्या कारागिराची कृति जितकी उत्तम तितका तो अधिक अज्ञात. अशा लोकांचा, आणि त्यांतही विशेषेंकरून माणदेशाच्या कोरड्या मुलुखांतून निघून देशभरच्या सराफकट्ट्यांवर जाऊन बसलेल्या गलाईवाल्यांचा, वृत्तान्त येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

हा धंदा आजकालचा नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी हातीं येऊन आर. शामशास्त्री ह्यांनीं १९०९ सालीं ती छापून प्रसिद्ध केली, तेव्हां प्राचीन राज्यकारभाराबरोबर प्राचीन कारखान्यांचेंही दर्शन विद्वानांस घडलें. त्यांत सुवर्णाध्यक्षाच्या देखरेखीखालील अक्षशालेचें वर्णन आहे. तिला एकच दार असावें, आंतील दालनें परस्परांपासून तोडलेलीं असावींत, आणि आंत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कारागिराचीं वस्त्रें व हात झाडून तपासावे, असा तेथें दंडक सांगितला आहे. ज्यांची झडती घ्यावयाची त्या लोकांच्या यादींत जडावकाम करणारे आहेत, भाता फुंकणारे आहेत, आणि त्यांच्याच जोडीला ‘पांसुधावक’ हे एक नांव आहे. पांसु म्हणजे धूळ आणि धावक म्हणजे धुणारा. कारखान्याच्या जमिनीवरील धूळ धुऊन तिच्यांतील सुवर्णकण वेंचणारा मनुष्य त्या काळींही होता. त्याच्यावाचून कारखाना पुरा होत नव्हता, आणि त्याच्यावर कोणाचा विश्वासही नव्हता. ह्या दोन्ही गोष्टी ह्या धंद्याच्या पाठीस आजवर लागून राहिल्या आहेत.

अशुद्ध सोन्यांत जेवढें हीण असेल त्याच्या चौपट शिसें घालून तें शोधावें, असेंही तो ग्रंथ सांगतो. ह्यामागील तत्त्व आजच्या रसायनशास्त्रासही मान्य आहे. शिसें व सोनें एकत्र वितळवून त्यांवर वारा घातला म्हणजे शिसें हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून त्याची पातळ राख होते. ती राख तांबें, जस्त इत्यादि हलक्या धातूंस आपल्याबरोबर ओढून नेते व हाडांच्या राखेच्या कुपींत जिरून जाते. वर राहतें तें चमकतें सोनें. मात्र ह्या रीतीनें सोन्यांतील चांदी जात नाहीं, कारण तीही सोन्यासारखीच उच्च कुळांतली. ती शिशाच्या संगतीनें बिघडत नाहीं. तिला वेगळी करण्यासाठीं सोन्याचे पातळ पत्रे सोरा, मीठ व विटांची पूड असल्या मिश्रणांत पुरून गोवऱ्यांच्या आंचेवर दीर्घकाळ भाजण्याची रीत होती. अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत अकबराच्या टांकसाळीचें जें वर्णन दिलें आहे, त्यांत अशी रीत सांगितलेली आहे. आणि टांकसाळींतील राख व धूळ घेऊन तींतून चांदीसोनें निराळें काढणाऱ्या न्यारियाचाही उल्लेख आहे. न्यारा म्हणजे वेगळा. जो वेगळें करतो तो न्यारिया.

महाराष्ट्रांत ह्याच मनुष्यास झारेकरी म्हणत. सराफकट्ट्यावर दुकानें उघडण्यापूर्वीं पहाटे केरसुणी व पाटी घेऊन रस्ता झाडणारा, गटारांतील गाळ उपसून तो पाटींत घेऊन पाण्यांत घोळणारा झारेकरी पूर्वींच्या पिढीनें नित्य पाहिलेला आहे. पाण्याच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी हलकी माती वाहून जाई व जड कण तळाशीं बसत. सोनें पाण्याच्या एकोणीसपट जड आहे, ह्या एका निसर्गनियमावर त्याच्या कुटुंबाचें पोट चाले. सोनाराच्या बागेसरींतली राख, कानशीखालचा भुगा, हात धुतलेलें पाणी, बसावयाचें फाटकें तरट ह्यांपैकीं कांहींच त्याच्या लेखीं टाकाऊ नव्हतें. तरट जाळावयाचें आणि त्याची राख धुवावयाची.

असाच व्यवहार घरांतील स्त्रियांसही परिचित होता. खऱ्या जरीचा शालू किंवा पैठणी विरली, तरी तिचे काठ-पदर टाकून देत नसत. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा चढविलेली चांदीची बारीक तार. रेशीम जळून जाई, तार उरे. तिची राख धुऊन टाकणखाराबरोबर मुशींत घातली म्हणजे चांदीची गोळी हातीं येई. आजीच्या लग्नांतील शालूचा पदर नातीच्या बारशाची वाटी झाला, अशा कथा अनेक घरांत आहेत. तांब्यापितळेची गोष्टही निराळी नव्हती. गळका बंब, चेपलेली घागर, चीर गेलेलें घंगाळ हें सर्व मोडीच्या भावानें तांबटाकडे जाई, आणि वर थोडे पैसे घालून नवें भांडें घरीं येई. भांड्यावर नांव घालण्याची आपल्याकडे मोठी हौस; परंतु तें नांव भांडें मोडींत जाईपर्यंतचेंच असे.

येथवर सर्व ठीक. परंतु मुशीची एक दुसरी बाजू आहे, आणि तिचा विचार केल्यावांचून हा इतिहास एकांगी होईल. मूस धातु राखते, पण रूप खाऊन टाकते. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा एक मोठा सांठा सांपडला. त्यांत नहपान क्षत्रपाचीं १३,००० हून अधिक नाणीं होतीं, आणि त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. जिंकलेल्या शत्रूचीं नाणीं वितळवून नवीं पाडणें त्यास अशक्य नव्हतें. परंतु त्यानें जुन्या मुद्रेवरच नवी मुद्रा उमटविली, आणि त्यामुळें एकाच नाण्यावर पराजित व विजेता असे दोघेही आज आपणांस दिसतात. तीं नाणीं मुशींत गेलीं असतीं तर चांदीचा एक गुंजभरही तोटा झाला नसता. परंतु महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासांतील एक बळकट पुरावा कायमचा नाहींसा झाला असता. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर तेथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांनीं आणून देवळांत टांगल्या; त्या ओतून टाकल्या नाहींत, म्हणूनच मेणवलीच्या घंटेवर १७०७ हें साल अद्याप वाचतां येतें. उलट शिवछत्रपतींचा होन आज किती दुर्मिळ आहे, हें नाणकशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकास विचारावें. बखरकार सभासद बत्तीस मण सोन्याचें सिंहासन सांगतो. त्याचा एक तुकडाही आज कोणापुढें ठेवतां येत नाहीं.

इंग्रजी अमलांत ही वितळणी सार्वत्रिक झाली. १८३५ च्या कायद्यानें सर्व हिंदुस्थानास एकच कंपनी रुपया लावून दिला. त्याचें वजन १८० ग्रेन व त्यांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन. पेशवाईंतील अंकुशी, चांदवडी आणि तऱ्हेतऱ्हेचे स्थानिक रुपये हळूहळू व्यवहारांतून उठले व मुंबईच्या टांकसाळीच्या भट्टींत गेले. व्यापाऱ्याची बट्ट्याची कटकट मिटली, हें खरें. पण गांवोगांवच्या टांकसाळींची स्मृतिही त्याबरोबरच वितळली.

तथापि राजांच्या मुद्रांपेक्षां अधिक करुण वस्तु पुढें त्या भट्टींत जावयाच्या होत्या. १८७६ ते १८७८ ह्या वर्षांच्या दुष्काळानें दख्खन होरपळून काढलें. सोलापूर जिल्हा तर त्या आपत्तीच्या केंद्रस्थानींच होता. शेतकऱ्याची बचत त्या काळीं पेढींत नव्हती. ती बायकोच्या अंगावर होती. वाळे, तोडे, गोठ, कंबरपट्टा हीच त्याची ठेव. पीक बुडालें म्हणजे ती ठेव सराफाकडे जाई, आणि सराफांच्या हातून मुंबईच्या टांकसाळींत. त्या दुष्काळांत चांदीच्या दागिन्यांचा टांकसाळीकडे एवढा लोंढा लागला कीं, सरकारी कागदपत्रांतही त्याची दखल घ्यावी लागली. तरी त्या वेळीं एक आधार होता. कोणींही चांदी आणावी आणि टांकसाळीनें ठराविक आकार घेऊन तिचे रुपये पाडून द्यावे, असा नियम असल्यामुळें तोड्यांतील चांदी आणि रुपयांतील चांदी ह्यांच्या मोलांत फारसें अंतर पडत नसे.

२६ जून १८९३ रोजीं हा आधार सुटला. चांदीचा भाव जगभर घसरत होता. रुपयाचा विलायती हुंडणावळीचा भाव टिकवावयाचा म्हणून सरकारनें खासगी चांदीस टांकसाळ बंद केली. रुपया महाग राहिला, चांदी स्वस्त झाली. हा निर्णय ज्यांनीं घेतला त्यांच्यापुढें विलायतेस भरावयाच्या रकमांचे आंकडे होते. माणदेशांतील एखाद्या बाईच्या पायांतले वाळे नव्हते. परंतु अवघ्या तीन वर्षांनीं १८९६ चा, आणि त्यामागून १८९९ चा दुष्काळ आला, व तेच वाळे पुन्हां बाजारांत आले. ह्या वेळीं मात्र रुपयाच्या वजनाइतक्या चांदीला रुपया मिळेना. दागिना तोच, मूस तीच, वजनही तेंच; पण एका कायद्याच्या कलमानें त्यांतील बचतीचा मोठा हिस्सा नाहींसा करून टाकला होता. धातूंतलें हीण मुशींत दिसून येतें. राज्यव्यवहारांतलें हीण दिसून येण्यास मात्र दुष्काळ पडावा लागतो.

तिसरा प्रसंग १९३१ चा. २१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें, रुपया पौंडाशींच जखडलेला राहिला, आणि सोन्याचा भाव चढूं लागला. कायद्यानें तोळ्यास एकवीस रुपये तीन आणे दहा पै धरलेलें सोनें थोड्याच काळांत तीस रुपयांच्या पुढें गेलें. त्याच वेळीं जागतिक मंदीनें शेतमालाचे भाव कोसळले होते, आणि सारा व सावकाराचें व्याज मात्र पूर्वींचेंच होतें. तेव्हां खेड्यापाड्यांतील सोनें बाहेर पडलें, वितळलें, त्याच्या लगडी झाल्या आणि त्या बोटींत बसून समुद्रापलीकडे गेल्या. त्या दशकांत देशाबाहेर गेलेल्या सोन्याची किंमत तीनशें कोटी रुपयांच्या वर होती. चढ्या भावांत लोकांनीं नफा करून घेतला, असें सरकारपक्षाचें म्हणणें होतें. हें सोनें नफ्याचें नसून आपत्तीचें आहे, असें देशी पुढाऱ्यांचें म्हणणें. दोन्ही पक्षांनीं आपापले आंकडे मांडले. परंतु मुशींत पडणारी मोड ज्यानें स्वतः पाहिली, त्या गलाईवाल्याची साक्ष कोणींही काढली नाहीं.

आतां त्या गलाईवाल्याकडेच वळूं. गळणें, वितळणें ह्या अर्थाच्या क्रियेपासून गलाई हा शब्द झाला. सांगली जिल्ह्यांतील खानापूर, आटपाडी, तासगांव, कवठेमहांकाळ, त्यांच्या लगतचे साताऱ्याकडील माण-खटाव आणि सोलापूरकडील सांगोला, हा सारा प्रदेश पर्जन्यच्छायेंतला. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथें पोहोंचेपर्यंत रिता होतो. माणगंगेच्या पात्रांत वर्षाचे बरेच दिवस वाळूच दिसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’नें ज्याची ओळख साऱ्या महाराष्ट्रास करून दिली, तोच हा मुलूख. सोन्याची खाण येथें नाहीं, नांवाजलेली सराफपेठ येथें नाहीं. सोनार जातीचा परंपरागत धंदा म्हणून हें काम येथें रुजलें असेंही नाहीं. हें काम करणारे बहुतेक लोक शेतकरी कुटुंबांतले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ह्या गांवांतील कांहीं मंडळी बाहेर पडून सोनें-चांदी गाळण्याचें काम शिकली, व तेथून हा धंदा गांवोगांव पसरला. १९७२ च्या दुष्काळानें तर ह्या निर्गमनास अधिकच जोर आला. आज केरळांतील त्रिशूरपासून पंजाबांतील अमृतसरपर्यंत, कोईमतूर, मदुराई, कलकत्ता, दिल्ली अशा शहरांच्या सराफी गल्ल्यांत एखाद्या अरुंद जिन्याच्या माथ्यावर आंचेचा वास आला आणि आंतून मराठी बोलणें कानीं पडलें, तर तो मनुष्य बहुधा विट्याकडचाच असावयाचा.

ह्या धंद्याची शाळा म्हणजे दुकानच. बारा-चौदा वर्षांचा मुलगा चुलत्याबरोबर, मामाबरोबर किंवा नुसत्या गांवकीच्या नात्यानें एखाद्या अण्णांबरोबर रेल्वेंत बसे. पहिलीं वर्षें झाडलोट, राख चाळणें, धूळ धुणें. मग भट्टी पेटविणें व मूस धरणें. आंचेचा रंग डोळ्यांनीं ओळखतां येऊं लागला म्हणजे आम्लाचें काम. आणि सर्वांच्या शेवटीं कसोटी. भाषा परकी, अन्न परकें. रात्रीं निजावयाचें तें दुकानांतच. कांहीं वर्षांनीं तो स्वतःचें दुकान थाटी आणि गांवाकडून दुसरा एक मुलगा आणवी. अशा रीतीनें एकेका दुकानाच्या पोटीं पुष्कळ दुकानें झालीं. त्यांत करारपत्र नव्हतें. होता तो एकमेकांच्या घरच्या ओळखीचा भरंवसा.

त्यांची कृति वाचकांनीं एकदां समजून घेण्यासारखी आहे. मोडीचें सोनें शुद्ध करावयाचें तर आधीं त्यांत आणखी चांदी घालावी लागते, इतकी कीं एकंदर गोळ्यांत सोनें चौथा हिस्साच राहावें. शुद्ध करण्यासाठीं आधीं अधिक अशुद्ध करावयाचें, हें प्रथम ऐकणारास विपरीत वाटतें. परंतु सोनें फार दाट असेल तर तें चांदीच्या कणांस चोहोंबाजूंनीं वेढून बसतें, आणि आम्ल आंत शिरूं शकत नाहीं. असा गोळा पातळ करून किंवा पाण्यांत ओतून त्याचे दाणे पाडून ते नत्राम्लांत, म्हणजे ज्यास हे लोक तेजाब म्हणतात त्यांत, तापवितात. चांदी व तांबें विरघळून जातात, आणि तळाशीं विटेच्या भुग्यासारखी तपकिरी पूड राहते. तेंच सोनें. इतकें शुद्ध कीं त्यास सोन्याचा रंगही अजून आलेला नसतो. पूड धुऊन, वाळवून, टाकणखाराबरोबर मुशींत घातली म्हणजे पिवळी लगड जन्मास येते.

वर उरलेल्या पाण्यांत चांदी आहे. तीस परत आणण्यासाठीं त्या द्रावणांत तांब्याचा पत्रा सोडतात. तांबें विरघळूं लागतें आणि त्याच्या मोबदल्यांत चांदी करड्या लोकरीसारखी खालीं बसते. चांदी काढून घेतल्यावर पाणी निळेंहिरवें होतें. आतां त्यांत तांबें आहे. मग त्यांत लोखंडाचे भंगार टाकावयाचें. लोखंड विरतें व तांब्याचा तांबूस गाळ हातीं लागतो. सोन्यासाठीं चांदी, चांदीसाठीं तांबें, तांब्यासाठीं लोखंड, अशी ही उतरती देवाणघेवाण. शेवटीं गटारांत जावयाचें तें गंजाचें पाणी तेवढें. धातूंच्या ह्या उतरंडीचें शास्त्रीय विवेचन रसायनाच्या पाठ्यपुस्तकांत आहेच. परंतु अनेक गलाईवाल्यांनीं तें पुस्तक उघडण्यापूर्वींच त्यावर आपला संसार उभा केला होता.

तथापि पिवळा लखलखाट पाहून ह्या कामाचें मोल कमी लेखूं नये. तेजाब तापलें म्हणजे त्यांतून जो तांबडा-पिंगट धूर निघतो, तो फुप्फुसांस जाळणारा असतो. शिशाच्या वाफा त्याहून कपटी, कारण त्यांचा दाह लगेच जाणवत नाहीं. एका लहान खोलींत, बंद खिडक्यांमागें, तीस-तीस वर्षें हें काम करून गांवीं परतलेल्या माणसांच्या खोकल्याची नोंद लगडीच्या वजनांत कोठेंच होत नाहीं. तसेंच संशयाचें. पांसुधावकाची झडती कौटिल्यानें सांगितली. गलाईवाल्याचीही ती चुकलेली नाहीं. मुशींत गेलेला दागिना ओळखूं येत नाहीं, म्हणून चोरीचा माल तेथेंच जातो अशी लोकांची समजूत. आणि आलेली मोड कोणाची हें दर वेळीं जाणणें कारागिरासही शक्य नसतें. कांहीं ठिकाणीं ह्या संशयास कारणही घडलें असेल. परंतु परमुलुखांत, परभाषेंत, तेथील सराफांनीं पिढ्यान्‌पिढ्या आपलें सोनें ज्यांच्या हातीं मोजून दिलें व मोजून परत घेतलें, त्यांची पत केवळ संशयावर उभी राहिली नसती, हेंही तितकेंच खरें.

राज्यकर्त्यांच्या मुशीचाही येथें उल्लेख केला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत चांदीची चणचण पडली, तेव्हां १९४० मध्यें रुपयांतील चांदी निम्म्यावर आणून बाकीच्या निम्म्यांत तांबें, निकल व जस्त मिसळण्यांत आलें. जुने राणीछाप रुपये १९४१ पासून चलनांतून काढले गेले, आणि पुष्कळ घरांत ते लक्ष्मीपूजनाच्या ताटांत जाऊन बसले. युद्धकाळांत अमेरिकेकडून सुमारे २२ कोटी ६० लक्ष औंस चांदी उसनवार आणली होती. ती चांदीच्याच रूपानें फेडावयाची होती. स्वतंत्र भारताच्या सरकारनें कलकत्त्यास चांदी-शुद्धीचा कारखाना उभारून त्या हिणकस नाण्यांतून चांदी वेगळी काढविली. म्हणजे जें काम विट्याचा माणूस एका खोलींत करी, तेंच प्रत्यक्ष सरकारास मोठ्या प्रमाणावर करावें लागलें.

पुढें त्याच सरकारच्या एका कायद्यानें ह्या लोकांवर मोठें संकट आणलें. चिनी आक्रमणानंतर जानेवारी १९६३ मध्यें सुवर्णनियंत्रण आलें. चौदा कॅरटांहून चोख दागिना घडविण्यास बंदी झाली. ती अट १९६६ मध्यें उठली. पण १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्यानें लगडीच्या रूपांतलें सोनें खासगी मनुष्यानें बाळगणें निषिद्धच ठेवलें. सोनाराच्या हातून निदान दागिना तरी निघतो. गलाईवाल्याच्या मुशींतून निघते ती लगडच. जी त्याच्या कौशल्याची सिद्धि, तीच परवान्यावांचून अपराध ठरली. हा कायदा १९९० मध्यें रद्द झाला, तोंवर एक पिढी परवाने आणि झडत्या ह्यांच्यामध्यें म्हातारी झाली होती.

आतां काळ पुन्हां पालटला आहे. क्ष-किरणांचें यंत्र दागिन्याचा कस क्षणांत सांगतें. कसोटीच्या रेघेवरून डोळ्यांनीं कस सांगणारा मनुष्य त्यापुढें जुन्या जगांतला वाटतो. २०२१ मध्यें देशांतील २५६ जिल्ह्यांत दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि ग्राहकाच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. मोठमोठे शुद्धीकरण कारखाने निघाले आहेत, व त्यांत धूर शोषून घेण्याची आणि आम्लाचें पाणी निर्विष करण्याची सोय आहे. लहान दुकानास तेवढा खर्च झेपणें कठीण. दुसरीकडे, कऱ्हाडजवळच्या टेंभू येथून उपसलेलें कृष्णेचें पाणी खानापूर-आटपाडीच्या माळांवर येऊन पोहोंचलें आहे, आणि ज्या कोरडेपणानें हीं माणसें बाहेर लोटलीं तो आतां पूर्वींसारखा राहिलेला नाहीं. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेस दूरदूरचीं कुटुंबें आजही येतात. त्यांच्यांतील आजोबा माणदेशी बोलतात. नातू तमिळ किंवा मल्याळम अधिक सफाईनें बोलतो.

मूस रूप खाते, असें वर म्हटलें. तिनें आपल्याच माणसांच्या आठवणींचें रूप खाऊन टाकूं नये, एवढीच इच्छा. ह्या घरांतून जुन्या खतावण्या आहेत, कोणत्या गांवचा मुलगा कोणत्या सालीं कोणत्या शहरीं गेला ह्याच्या तोंडी कथा आहेत, सोरा-विटांच्या भाजणीपासून तेजाबापर्यंतचें ज्ञान ज्यांच्या बोटांत आहे असे वृद्ध अजून हयात आहेत. मोड म्हणून ह्या वस्तूंची किंमत कवडीची. परंतु १८९९ मध्यें आणि १९३१ मध्यें आपल्या घराण्यांवर काय ओढवलें, ह्याची सरकारी आंकड्यांपलीकडची साक्ष कोठें मिळाली तर ती अशाच कागदांतून व अशाच मुखांतून मिळेल. गौतमीपुत्रानें नहपानाचीं नाणीं वितळविलीं नाहींत, म्हणून इतिहास वाचला. आपल्या हातीं राजमुद्रा नाहीं. पण एखाद्या वृद्ध गलाईवाल्याजवळ बसून त्याचें बोलणें लिहून घेण्यास ती लागतही नाहीं. हें काम विट्याच्या किंवा आटपाडीच्या एखाद्या तरुण अभ्यासकानें मनावर घेतलें, तर मराठी इतिहासांत एका अस्सल प्रकरणाची भर पडेल, ह्यांत संशय नाहीं.